‘धडक मी पाहिली नाही’: किरकोळ अपघातातल्या एका साक्षीचं प्रकरण

मी तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलवरची वकील आहे. ज्यांची ही हकीकत आहे त्या ताईंची परवानगी घेऊन लिहिते आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. मोठ्या खटल्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. पण कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढणारा माणूस बहुतेक वेळा अशाच एखाद्या छोट्या अपघाताचा साक्षीदार म्हणून येतो. त्याला काय करायचं हे कुणी सांगत नाही. सांगणारे असतात, पण ‘काय बोलायचं’ तेवढंच सांगतात.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं शहर. बसस्थानकाकडून बाजारपेठेत जाणाऱ्या रस्त्याला उजव्या हाताला एक अरुंद गल्ली फुटते. गल्लीच्या तोंडावर ताईंचं शिवणकामाचं दुकान आहे. मशीन दाराला लागून, तोंड रस्त्याकडे. बावीस वर्षं त्या तिथेच बसतात, त्यामुळे कोणती गाडी कुणाची हे त्यांना न बघता हॉर्नवरून कळतं.

फेब्रुवारी 2022 मधली संध्याकाळ, साडेसहाच्या सुमाराची. बसस्थानकाकडून आलेली एक कार गल्लीत वळण्यासाठी रस्त्याच्या मधोमध थांबली, कारण गल्लीतून भाजीची हातगाडी बाहेर येत होती. समोरून, बाजाराकडून, वीसेक वर्षांचा एक मुलगा स्कूटरवरून येत होता. पुढच्या काही क्षणांत स्कूटर आणि कारची पुढची डावी बाजू एकमेकांवर आदळली. मुलगा डाव्या अंगावर पडला. कोपर आणि गुडघा खरचटला, मनगट मुरगळलं, हनुवटीला चार टाके पडले. हाड मोडलं नाही. कारचालक काका निवृत्त गृहस्थ, त्यांनीच मुलाला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ताईंनी त्याआधी मुलाला पाणी दिलं आणि रक्त थांबवायला दुकानातला अस्तराचा नवा तुकडा हनुवटीला बांधला.

गुन्हा दाखल झाला तो भारतीय दंड संहितेच्या कलम 279 (सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने गाडी चालवणं) आणि 337 (हयगयीने दुखापत करणं) खाली, जोडीला मोटार वाहन कायद्याचं कलम 184 (धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं). दंड संहितेतली दोन्ही कलमं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अशी आहेत. 279 ला दंड हजारापर्यंत, 337 ला पाचशेपर्यंत. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, पण ही घटना त्याआधीची म्हणून खटला जुन्याच कलमांवर चालला. आज हाच अपघात झाला तर कलम 281 आणि 125 लागतील.

दोन दिवसांनी एक हवालदार दुकानात आले, चहा घेतला, ताईंना काय दिसलं ते विचारलं आणि वहीत टिपून घेतलं. टाइप केलेला जबाब ताईंनी तेव्हा पाहिला नाही. पोलिसांपुढच्या या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, त्यामुळे सहीच्या निमित्ताने तरी तो वाचला जाईल असंही होत नाही. आपलं काम संपलं असं समजून त्या मशीनवर बसल्या. मधे पावणेतीन वर्षं गेली.

अडचण

नोव्हेंबर 2024 मध्ये समन्स आलं. पहिल्या तारखेला न्यायाधीश साहेब रजेवर होते. बाहेरच्या बाकावर बसल्या असताना पैरवीच्या अंमलदारांनी, म्हणजे सरकार पक्षाच्या खटल्यांचं कोर्टातलं काम बघणाऱ्या पोलिसांनी, जबाबाची प्रत ताईंच्या हातात दिली आणि म्हणाले, “ताई, हे वाचून ठेवा. एवढंच सांगायचं, जास्त काही नाही.”

त्यात हे वाक्य होतं: ‘सदर कारचालकाने आपल्या ताब्यातील कार भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून समोरून येणाऱ्या स्कूटरला जोराची धडक दिली, ते मी समक्ष पाहिले.’

अपघाताच्या फिर्यादी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे वाक्य पाठ असेल. कलम सिद्ध करायला जे घटक लागतात त्यांचीच ही शब्दमाळ आहे, आणि ती वर्षानुवर्षं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर येत राहते. त्या हवालदारांच्या मनात कुणाबद्दल आकस होता असं मला वाटत नाही. त्यांनी ऐकलं एक आणि हाताच्या सवयीने लिहिलं दुसरं.

ताई त्याच दुपारी माझ्याकडे आल्या. कोर्टाच्याच आवारात समितीचं कार्यालय आहे, आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत सल्ला मिळतो. त्यांनी प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मॅडम, यातलं मी काहीच बघितलेलं नाही.”

“मग काय बघितलं?”

त्यांनी जे सांगितलं ते असं. कार थांबलेली दिसली. उजवीकडचा इंडिकेटर चालू होता, कारण त्याचा पिवळा उजेड दुकानाच्या काचेच्या दारावर लुकलुकत होता. हातगाडी निघाली. तेवढ्यात काजाचा दोरा तोडायला त्यांनी मान खाली घातली. हॉर्न, मग पत्रा घासल्याचा आवाज. वर पाहिलं तर स्कूटर आडवी आणि कार उभी. धडक त्यांनी पाहिलीच नव्हती. इंडिकेटरचं त्यांनी हवालदारांना सांगितलं होतं, ते जबाबात कुठेच नव्हतं.

इथे दुसरी एक गोष्ट अडत होती, आणि ती कायद्याची नव्हती. जखमी मुलगा त्याच गल्लीतला. त्याची आई ताईंची पंधरा वर्षांची गिऱ्हाईक. घरच्यांनी जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज केला होता आणि त्यांची समजूत अशी की फौजदारी खटल्यात काकांना शिक्षा झाली तरच पैसे मिळतील. समन्स आल्याचं कळल्यावर मुलाची आई दुकानात येऊन म्हणाली होती, “ताई, तुम्ही जे लिहून दिलंय तेवढंच बोला. आमच्या पोराचं रक्त तुमच्या पायरीवर सांडलंय.” काकांच्या बाजूनेही एक नातेवाईक येऊन गेले होते. “म्हातारा माणूस आहे, कशाला कोर्टात खेचता, आठवत नाही म्हणा” असा त्यांचा सूर. पैशाचं कुणीच काही बोललं नव्हतं. पण दोन्हीकडून आलेलं ओझं खरं होतं.

समोरचे मार्ग

पहिला विचार न जाण्याचा. ताईंना तो मनापासून हवा होता. लग्नसराई चालू होती, आणि एका तारखेला एक दिवस दुकान बंद. समन्स चुकवल्याबद्दल, या खटल्याला लागू असलेल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 350 खाली दंड होता तो शंभर रुपयांपर्यंत, ऐकायला काहीच नाही. पण त्याआधी वॉरंट निघतं, पोलीस दुकानाशी येतात, आणि चौकात बसून पोट भरणाऱ्या बाईला ते शंभर रुपयांत पडत नाही. शिवाय साक्ष टळत नाही, पुढे जाते.

अपघातात मदत करणाऱ्यांना संरक्षण आहे ना, असंही त्यांनी विचारलं. ऐकीव होतं पण चुकीचं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये तशा मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं आणि 2020 मध्ये नियम निघाले. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. पण ताईंनी त्या दिवशी आपणहून नाव आणि माहिती दिली होती, आणि तेव्हापासून त्या साक्षीदार होत्या. हे संरक्षण छळापासून आहे. एकदा साक्षीदार झाल्यावर पाहिलेलं सांगण्यातून ते सुटका देत नाही.

दुसरा मार्ग जबाबाप्रमाणे बोलण्याचा. वरवर हाच सगळ्यांत सुरक्षित. सरकार पक्ष खूश, शेजारीण खूश, कुणी फितूर म्हणणार नाही. फरक एवढाच की पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो आणि पिंजऱ्यातलं बोलणं शपथेवर असतं. न पाहिलेली धडक ‘पाहिली’ म्हणणं म्हणजे खोटी साक्ष. आणि समोर सत्तरीला आलेला एक माणूस आरोपी म्हणून उभा.

तिसरा मार्ग ‘आठवत नाही’. मला विचाराल तर साक्षीदाराला सगळ्यांत जास्त मोह याचा होतो. त्यात कुणाच्या विरुद्ध बोलावं लागत नाही, उलटतपासणी दोन मिनिटांत संपते, आणि पावणेतीन वर्षांनंतर ते पटण्यासारखंही असतं. मी ताईंना विचारलं, “खरंच आठवत नाही का?” त्या म्हणाल्या, “तो पिवळा उजेड अजून दिसतो मला.” मग तो मार्ग खोटाच होता, फक्त त्याचा आवाज कमी होता.

चौथा मार्ग त्यांच्या हातातला नव्हता. कलम 337 जखमी व्यक्तीला कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. 279 मिटवता येत नाही, कारण ते सार्वजनिक रस्त्यावरच्या सुरक्षिततेचं आहे. अशा खटल्यांत पुष्कळदा 337 मिटतं आणि 279 ला आरोपी कबुली देऊन दंड भरतो. इथे काकांनी कबुली द्यायला नकार दिला होता. ‘मी थांबलो होतो, तोच येऊन आदळला’ असं त्यांचं म्हणणं. मुलाच्या घरचेही मिटवायला तयार नव्हते.

उरला तो पाहिलं तेवढं सांगण्याचा मार्ग. त्याची किंमत मी ताईंपासून लपवली नाही. सरकारी वकील तुम्हाला फितूर घोषित करायची परवानगी मागतील, हे मी स्पष्ट सांगितलं. फितूर हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा उतरला. आपल्याकडे फितूर म्हणजे गद्दार. कायद्यात त्याचा अर्थ इतकाच, की ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्यालाच त्याची उलटतपासणी घ्यायची मुभा मिळते. त्याने शिक्षा होत नाही, साक्षही पुसली जात नाही. अशा साक्षीतला विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 पासून वारंवार सांगितलं आहे. आणि शपथेशिवायच्या जबाबाहून शपथेवरची साक्ष वेगळी पडली, एवढ्यावर कुणी खोट्या साक्षीचा गुन्हेगार ठरत नाही.

ताईंनी लगेच उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी फोन आला, “मी जाते. जेवढं बघितलं तेवढं सांगते. पुढचं पुढे.”

तयारी

साक्षीदाराची तयारी करणं आणि त्याला पढवणं यातली रेघ बारीक आहे. मी ठरवलं की त्यांची हकीकत आता पुन्हा बोलून घ्यायची नाही. प्रत्येक वेळी सांगताना माणूस थोडं नीटनेटकं करतो, मोकळ्या जागा भरतो, आणि तिसऱ्या वेळेला भरलेलीच जागा आठवण वाटू लागते. म्हणून मी फक्त कोर्टाची खोली दाखवली. साहेब कुठे बसतात, टंकलेखक कुठे, पिंजरा कुठे, पट्टेवाला नावाचा पुकारा कसा करतो. प्रश्न वकील विचारतील पण उत्तर साहेबांकडे बघून द्यायचं. प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणायचं. ‘मला माहीत नाही’ आणि ‘मी पाहिलं नाही’ ही पूर्ण उत्तरं आहेत, त्यांना शेपूट जोडायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मी विशेष सांगितली. साक्ष नोंदवताना साहेब साक्षीदाराच्या उत्तराचं वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. त्या वाक्याकडे कान ठेवा. तुमचं बोलणं आणि तिथे उतरणारं वाक्य जुळलं नाही तर तिथल्या तिथे, नम्रपणे, बोला. जबाबाच्या वेळी जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर ती वेळ तीच.

वेगाबद्दलही बोललो. वेग हा साक्षीदाराचा अंदाज असतो, आणि 1998 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका ट्रक अपघाताच्या प्रकरणात सांगितलं आहे की गाडी वेगात होती एवढ्यावरून हयगय किंवा अविचार सिद्ध होत नाही. ‘भरधाव’ म्हणजे नेमकं काय, हे साक्षीदाराला विचारलं तर तो काय सांगणार? ताईंना तर चालती गाडी दिसलीच नव्हती.

दुसऱ्या तारखेला बचाव पक्षाच्या वकिलांनी मुदत घेतली. तिसरी तारीख जानेवारी 2025 ची. त्याच्या आदल्या संध्याकाळी, मला न विचारता, ताईंनी आपली शिवणाची टेप काढून दुकानाच्या पायरीपासून रस्त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं. हे मला कोर्टात कळलं.

पिंजऱ्यात

साडेअकराला पुकारा झाला. ताई पदर खोचून पिंजऱ्यात चढल्या. ईश्वरसाक्ष शपथ झाली, नाव, वय, धंदा झाला. सरतपासणी, म्हणजे साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाने आधी विचारायचे प्रश्न, सहायक सरकारी अभियोक्त्यांनी (सरकारी वकिलांनी) सुरू केली.

कार कुठे पाहिली, आरोपीला ओळखता का, हे सुरळीत गेलं. ताईंनी मागे वळून काकांकडे बोट केलं. ‘हो, हेच होते.’ मग, “पुढे काय झालं?”

“मी दोरा तोडायला खाली बघितलं. हॉर्न वाजला, पत्रा घासल्याचा आवाज आला. वर बघितलं तर मुलगा पडलेला.”

साहेबांनी टंकलेखकाला सांगितलं, “त्यानंतर कारने स्कूटरला धडक दिली व मुलगा पडला.”

ताईंनी पिंजऱ्याचा कठडा धरला. “साहेब, धडक दिली असं मी म्हटलं नाही. मला आवाज आला. धडक मी पाहिली नाही.”

क्षणभर टंकलेखकाची बोटं थांबली. मग साहेबांनी वाक्य दुरुस्त केलं: ‘मला घासल्याचा आवाज आला. मी वर पाहिले असता मुलगा पडलेला होता. धडक मी पाहिली नाही.’ एवढी दुरुस्ती करायला फार तर दहा सेकंद लागली असतील. त्या दहा सेकंदांसाठी धीर लागतो. पुढे बसलेले सगळे शिकलेले, काळ्या कोटातले, आणि आपण एकट्याच उभ्या.

अपेक्षेप्रमाणे सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर असल्याचं सांगून उलटतपासणीची परवानगी मागितली. ती मिळाली. जबाबातलं ते लांब वाक्य वाचून दाखवण्यात आलं आणि ‘भाग अ’ म्हणून खुणावलं गेलं.

“असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?”

“नाही. पोलिसांनी तसं का लिहिलं त्याचं कारण मला सांगता येणार नाही.”

हे उत्तर आमच्याकडे रोज ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ती पळवाट असते. ताईंच्या बाबतीत त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ऐकणाऱ्याला फरक कळावा असं त्या वाक्यात काहीच नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग चष्मा निघाला. “मशीनवर काम करताना चष्मा लावता?” “हो, जवळचा.” “तो लावल्यावर लांबचं अंधुक दिसतं?” “हो.” “म्हणजे कारचा इंडिकेटर तुम्हाला स्पष्ट दिसला नसणार?”

ताई म्हणाल्या, “रस्त्याकडे बघताना मी चष्म्याच्या वरून बघते, बावीस वर्षं तसंच बघते. आणि उजेड काचेवर पडत होता, काच माझ्या हातभर अंतरावर आहे.”

“तुम्ही आरोपीला वाचवायला खोटं सांगताय.”

“हे खरं नाही.” आवाज किंचित कापला. मागच्या बाकावर मुलाची आई बसली होती.

आता बचाव पक्षाची पाळी. ताई आपल्याच बाजूच्या आहेत अशा समजुतीने त्यांचे वकील मोकळेपणाने उठले. कार उभी होती हे एकदा वदवून घेतलं. मग, “उभ्या असलेल्या कारवर स्कूटर येऊन आदळली, बरोबर?”

“ते मी बघितलं नाही. आवाजाच्या आधी कार थांबलेली होती आणि नंतर उभी होती. मधलं माहीत नाही.”

“मुलगा मोबाइलवर बोलत होता?”

“पडल्यावर त्याचा मोबाइल खिशात होता, मीच काढून त्याच्या आईला फोन लावला. आधीचं मी बघितलं नाही.”

वकिलांनी वेग विचारला, तेच उत्तर. अंतर विचारलं. “पायरीपासून कार किती लांब होती?” “साडेपाच वार.” कोर्टात थोडी चुळबुळ झाली. “फुटांत सांगा.” “साडेसोळा फूट. काल मी टेपने मोजलं.”

“काल मोजलं? का?”

“विचारतील म्हणून.”

वकिलांनी ते लगेच पकडलं, साक्षीसाठी तयारी करून आलात, कुणी सांगितलं मोजायला, वगैरे. कुणीच नाही, हे उत्तर खरं होतं म्हणून निभावलं. पण मोजलं ते कालचं अंतर. कार त्या दिवशी नेमकी कुठे उभी होती ते टेपला माहीत नसतं, आणि हे वकिलांनी बरोबर दाखवून दिलं.

टाइप झालेली साक्ष ताईंनी सही करण्याआधी पूर्ण वाचली. त्याला वेळ लागला. पट्टेवाल्यांनी पुढच्या साक्षीदाराचा पुकारा केला तरी त्या वाचत होत्या.

निकाल आणि पुढे

त्याच वर्षी उन्हाळ्यात निकाल लागला. काका संशयाचा फायदा मिळून निर्दोष सुटले. कारणं एकट्या ताईंच्या साक्षीची नव्हती. घटनास्थळ पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला होता, तोवर दोन्ही गाड्या हलवलेल्या होत्या. रस्त्यावर धडक कुठे झाली याची खूण उरली नव्हती. हातगाडीवाल्याचा जबाब कुणी घेतलाच नव्हता, आणि सगळ्यांत जवळ तोच होता. मुलाने स्वतःच्या साक्षीत ‘कार जोरात वळली’ एवढंच सांगितलं. ताईंची साक्ष मात्र निकालपत्रात दोन्ही बाजूंनी वापरली गेली. कार थांबली होती हे मान्य झालं, आणि स्कूटरच येऊन आदळली हे बचाव पक्षाचं म्हणणं सिद्ध झालं नाही, हेही नोंदलं गेलं.

ही दुसरी नोंद पुढे उपयोगी पडली. भरपाईचा दावा वेगळा असतो. न्यायाधिकरण संशयातीत पुरावा मागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय हे तोलतं. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही. कारचा विमा चालू होता, तृतीय पक्षाचा विमा सक्तीचाच असतो. दावा राष्ट्रीय लोकअदालतीत विमा कंपनीशी तडजोडीने मिटला. रक्कम घरच्यांच्या सांगण्यावरून देत नाही. दवाखान्याचा आणि स्कूटर दुरुस्तीचा खर्च भागून थोडे उरले.

मुलाची आई मात्र अजून ताईंकडे कापड टाकत नाही. रस्त्याने जाताना मान वळवते. मुलगा स्वतः एकदा पँट अल्टर करायला आला होता, तेवढंच.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात जबाबापासूनच. हवालदार टिपून घेत होते तेव्हा ‘काय लिहिलंत ते वाचून दाखवा’ असं ताईंनी म्हणायला हवं होतं. त्याला कायद्याची आडकाठी नाही, आणि बहुतेक अंमलदार वाचून दाखवतातही. त्याच रात्री एका कागदावर तारीख घालून चार ओळी स्वतःसाठी लिहिल्या असत्या, ‘दोरा तोडला, हॉर्न, आवाज, इंडिकेटर’, तर तीन वर्षांनी त्यांना स्वतःच्या आठवणीवर इतकं ताणून उभं राहावं लागलं नसतं. जबाब चुकीचा आहे हे पुढे कळलं, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेता येते. ताईंना कळलं ते पहिल्या तारखेला. त्या दिवशीच असा अर्ज द्यायला मी सांगायला हवं होतं. मी विचार केला की आता साक्षच आहे, तिथे सांगता येईल. अर्ज असता तर ‘आरोपीला वाचवायला आज नवीन सांगताय’ हा आरोप इतका सोपा झाला नसता.

टेपबद्दल मी अजून दोन मनांत आहे. मोजलेल्या आकड्याऐवजी त्यांनी ‘पायरीपासून समोरच्या गटाराच्या झाकणापर्यंत’ असं सांगितलं असतं तर पुरलं असतं. ती खूण त्या दिवशीही तिथेच होती. पण रोज इंचात जगणाऱ्या बाईला मोजू नका म्हणणं मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही जड जाईल.

सगळ्यांत मोठी चूक मात्र मुलाच्या घरच्यांच्या बाबतीत झाली, आणि ती माझी. मी ताईंना सांगितलं होतं की खटला संपेपर्यंत त्यांच्याशी या विषयावर अवाक्षर बोलू नका. साक्षीदार म्हणून ते बरोबर होतं. पण त्या कुटुंबाची भीती एकाच गैरसमजावर उभी होती, की शिक्षा झाली नाही तर भरपाई नाही. दावा आणि खटला वेगळे आहेत हे त्यांना सांगायला ताईंची गरज नव्हती. त्यांच्या दाव्याच्या वकिलांनी सांगायला हवं होतं, समितीच्या शिबिरात सांगता आलं असतं, मी स्वतः पाठपुरावा करून कुणाकडून तरी सांगवून घेऊ शकले असते. लोकअदालतीच्या दिवशी तडजोडीच्या कागदावर सही केल्यावर मुलाच्या आईने मला विचारलं, “मग त्या दिवशी ताई काहीही बोलल्या असत्या तरी हे मिळालं असतं?”

काहीही बोलून नाही, मी म्हटलं, पण काकांना शिक्षा झाली नाही तरी हे मिळू शकत होतं.

“आम्हाला कुणी बोललं नाही,” त्या म्हणाल्या, आणि कागद पिशवीत घालून एसटीच्या वेळेसाठी निघाल्या.